दुरुस्ती शून्य

इंद्रजित शेडबाळेनं थाप पकडली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही ऋजुता नाईकनवरेची. पडद्यावरच्या चाळीस चौकटींमधून असा काही गलका उठला, की मसाई पठारावरच्या दूरसंवाद केंद्रातले दोन तंत्रज्ञ काहीतरी बिघडलं समजून धावत आत आले. सांगलीहून कुणीतरी ताट बडवत होतं. वर्गाची संयोजक अल्पना सगरे मस्कतमधल्या आपल्या घरात "होकानं पकडली, अहो होकानं पकडली" असं नवऱ्याला ओरडून सांगत होती, आणि त्या बिचाऱ्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

त्याला कळावं तरी कसं? त्यासाठी तीस वर्षं मागं जाऊन कृष्णाकाठच्या एका विज्ञान महाविद्यालयात बसायला हवं. तिथं मुजावर सर उष्मागतिकी शिकवत. तास जेवणानंतरचा, खिडकीतून वारा, आणि पोटात वसतिगृहाचा भात. पोरं पेंगायची. एके दिवशी सरांनी जाहीर केलं, की इथून पुढं प्रत्येक तासाला मी सरळ चेहऱ्यानं एक थाप मारणार. जो पकडेल त्याला त्या आठवड्याची प्रयोगवही माफ. त्यानंतर त्या तासाला कुणी पेंगलं नाही.

पुढं मुलं जगभर पांगली, पण दर रविवारी सकाळी दहाला पडद्यावर जमू लागली. कुणी मधमाश्यांवर बोले, कुणी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर, कुणी शिलाहारांच्या नाण्यांवर. विषय काहीही असो, वक्त्यानं एक थाप मारायची आणि बाकीच्यांनी ती पकडायची, हा नियम मात्र कायम राहिला. इंद्रजितला या तीस वर्षांत एकही थाप पकडता आली नव्हती. कुणी काहीही सांगितलं तरी तो मनापासून "हो का?" म्हणे, म्हणून त्याचं नावच होका पडलं. ऋजुतानं एकदा त्याला सांगितलं होतं की पितळेच्या भांड्यातला चहा ढवळण्याची दिशा बदलली तर लवकर निवतो. पठ्ठ्यानं घरी तापमापक लावून चार दिवस चहा ढवळला.

ऋजुता या वर्गातली थापांची महाराणी. तिची थाप कधी भल्यामोठ्या आकड्यात किंवा चमत्कारात नसे. ती एखाद्या साध्या, कुणी लक्षही देणार नाही अशा वाक्यात दडलेली असायची. हीच ऋजुता आता 'कृत्तिका' नावाच्या यानातून शनीकडे चालली होती. यानात सहा जण. पाच शीतनिद्रेत आणि एक जागा, असा आळीपाळीचा पहारा. सध्या पहारा तिचा होता. रविवारच्या वर्गाची पहिली पंधरा मिनिटं तिची असत. यानातल्या गमतीजमती ती सांगे आणि त्यात आपली थाप पेरून ठेवी.

त्या रविवारी ती इंद्रजितनं पकडली. पुढच्या रविवारी पुन्हा पकडली. तिसऱ्या रविवारी तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पकडली. बाकीच्यांनीही पकडली, पण त्यांचं कोण विचारतो? आनंदानं त्याला जेवण जाईना.

आनंदाला आणखी एक कारण होतं, आणि ते त्याच्या आयुष्यभराच्या कामाशी जोडलेलं होतं. म्हणूनच चौथ्या रविवारी वर्गात व्याख्यान ठेवलं होतं ते त्याचंच. केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमांगी राजाध्यक्ष खास पाहुण्या म्हणून त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मोठ्या करड्या बाई, पण आज त्याही खुशीत होत्या. मुजावर सर वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी मिरजेहून कानाला यंत्र लावून हजर होते. इंद्रजितनं विषयाचं नाव पडद्यावर झळकवलं: 'दुरुस्ती शून्य'.

तो सांगू लागला. यान जसजसं लांब जातं तसा प्रकाशालाही तिथं पोचायला वेळ लागतो. आता शब्द जायला सव्वा तास आणि उत्तर यायला सव्वा तास. 'कशी आहेस?' विचारायचं आणि अडीच तासांनी 'बरी आहे' ऐकायचं, याला गप्पा म्हणत नाहीत. एकट्या जागणाऱ्या माणसाला तर असल्या गप्पांनी वेड लागेल. म्हणून त्यानं प्रतिस्वर बनवला. प्रतिस्वर म्हणजे एखाद्याचं वीस-तीस वर्षांचं बोलणं ऐकून तो पुढं काय बोलेल हे आधीच ओळखणारं यंत्र. एवढं ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाचं मिळणार? या वर्गाचा एकेक रविवार जपून ठेवलेला होता. त्यामुळं पृथ्वीवर ऋजुताचा प्रतिस्वर बसवला आणि यानात या चाळीस जणांचे.

"म्हणजे आपण आत्ता जिच्याशी बोलतो ती ऋजुता नाहीच?" सांगलीच्या कुणीतरी ठाऊक असूनही मुद्दाम डिवचलं.

इंद्रजित म्हणाला, आहे आणि नाही. सकाळी आपण प्रतिस्वराशी बोलतो. अडीच तासांनी खऱ्या ऋजुताचं बोलणं येतं, पण तेही सगळं नाही. इतक्या लांबून सगळं पाठवायला ऊर्जा पुरत नाही, आणि ती किती लागेल त्याचा आकडाही त्यानं सांगितला. म्हणून प्रतिस्वर जिथं चुकला तेवढाच फरक यान पाठवतं. पडद्याच्या खालच्या पट्टीवर तो लाल अक्षरांत उमटतो. त्यालाच आपण दुरुस्ती म्हणतो. जिथं लाल नाही, तिथं ऋजुता अगदी तेच बोलली असं समजायचं. यानाची प्रकृतीही अशीच कळते. आतलं तापमान, दाब, झोपलेल्यांची नाडी, सगळ्याचा अंदाज इथं आधीच बांधलेला असतो आणि यान फक्त फरक कळवतं.

वर्गाला हे सवयीचं झालं होतं. सकाळी व्याख्यान, मग जेवण, आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास डोळ्यांवर झापड घेऊन दुरुस्ती वाचायला पुन्हा जमायचं. पहिल्या महिन्यांत पट्टी लालभडक असे. हळूहळू लाल कमी होत गेलं.

"आणि गेले तीन रविवार," इंद्रजितचा आवाज चढला, "दुरुस्ती शून्य आहे. एकही लाल अक्षर नाही. एक माणूस पूर्णपणे ओळखता येतो हे आपण सिद्ध केलंय. जगात हे पहिल्यांदा घडतंय, आणि ते आपल्या वर्गाच्या जिवावर घडतंय."

टाळ्या पडल्या. राजाध्यक्ष मॅडमनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात जागतिक परिषदेत हे मांडायचं ठरलं होतं. ऋजुताचा प्रतिस्वरही पडद्यावर हसून म्हणाला, की बघा, मला शून्य करून टाकलं या माणसानं. सगळे खळखळून हसले.

बोलण्याच्या भरात इंद्रजितनं पुढं जोडलं, की याच तीन रविवारी मी स्वतः ऋजुताच्या तीन थापा पकडल्या.

"सापडली," मुजावर सर म्हणाले. "ही आजची थाप."

पुन्हा हशा. इंद्रजित ओशाळला. नाही सर, हे खरं आहे, असं तो सांगू लागला. आपली थाप दुसरीच होती, ऊर्जेच्या आकड्यात. पण सर हसत नव्हते. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि शांतपणे विचारलं, "शेडबाळे, तू? नाईकनवरेची? लागोपाठ तीन?"

"सर, खरंच पकडल्या."

"बाळा, तुझ्यावर माझा विश्वास आहे," सर म्हणाले. "तिच्यावर नाही."

हसू अजून विरलं नव्हतं, पण इंद्रजितनं व्याख्यान तिथंच थांबवलं. त्यानं आधीचे महिने आठवून पाहिले. दुरुस्तीत सगळ्यात मोठा लाल डाग कुठं असायचा? थापेवर. प्रतिस्वर सकाळी एक थाप सांगायचा आणि दुपारी ती खोडून ऋजुताची खरी थाप लाल अक्षरांत यायची, दर वेळी. बाकी सगळं जुळलं तरी थाप कधी जुळली नव्हती, म्हणून सकाळी पकडलेली थाप दुपारी बादच ठरायची. प्रतिस्वर आपल्याला माहीत असलेल्या तिच्या जुन्या बोलण्यातून बनलेला; त्याची थाप म्हणजे ऋजुता मारील अशी आपल्याला वाटते ती थाप. अशी थाप होकाही पकडेल. आणि होकानं पकडलीच होती की.

"पहिल्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी थाप किती लवकर ओळखली?" त्यानं वर्गाला विचारलं.

सगळ्यांनी लगेच ओळखली होती. अल्पना म्हणाली, तिला वाटलं आपण हुशार होत चाललोय. एक जण म्हणाला, त्याला वाटलं ऋजुता थकली असेल. चाळीस शहाणी माणसं तीन रविवार आपल्याच अकलेवर खूश होऊन बसली होती, आणि त्यांच्यातला सगळ्यात खूश माणूस आता घामानं भिजत होता.

इंद्रजितनं राजाध्यक्ष मॅडमकडे वळून सांगितलं, की दुरुस्ती शून्य याचा अर्थ प्रतिस्वर पूर्ण झाला असा नाही. यान गप्प झालंय. ऋजुता काय बोलते ते आपल्यापर्यंत पोचतच नाही.

मॅडमनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग एकेक मुद्दा काढला. यानाकडून वाहक लहर अखंड येत होती. प्रक्षेपक बंद पडला असता तर ती थांबली असती. इंद्रजित म्हणाला, मोटारीचं इंजिन चालू आहे म्हणून आत ड्रायव्हर आहे असं होत नाही. लहर येतेय, पण तिच्यावर फरक चढवणारा भाग मुका झाला असेल तर लहर कोरीच येणार, आणि कोरी लहर आपण 'सगळं अंदाजाप्रमाणे' अशी वाचतो. मॅडम म्हणाल्या, दर तासाला यान तपासणीची खूण पाठवतं. इंद्रजितनं डोक्याला हात लावला. ती खूण ठरलेलीच असते. ठरलेल्या गोष्टीत फरक शून्य, म्हणून तीही कधी प्रत्यक्ष पाठवली जात नाही. आपण ती इथल्या इथं स्वतःच स्वतःला दाखवतो. आणि यानाची प्रकृती तीन आठवडे उत्तम दिसतेय, तीही आपणच बांधलेल्या अंदाजाची.

मॅडमनी यानाचा आराखडा पुढं ओढला. उपाय त्या दोघांनाही ठाऊक होता. यानाच्या बुडाला एक राखीव प्रक्षेपक होता. तो वापरायचा तर अख्खं यान वळवून त्याचं तोंड पृथ्वीकडे करावं लागे, आणि त्यात जळणारं इंधन शनीच्या एका बर्फाळ चंद्राजवळ जाण्यासाठी राखलेलं होतं. त्या चंद्राखालच्या समुद्रात जीव आहेत का हे पाहायला तर ही मोहीम निघाली होती. शिवाय एकट्या माणसानं भलत्या मनःस्थितीत यान वळवू नये म्हणून दोन संमती लागत. एक यानातली, एक पृथ्वीवरची.

"एका थापेवरून मी तो चंद्र सोडून देऊ?" मॅडमनी विचारलं. "परिषदेत तुमचं नाव जाणार आहे, इंद्रजित. तुम्ही चुकलात तर मोहीम गेली. बरोबर निघालात तर तुमचं यंत्र गेलं. दोन्हीकडून तुमचंच नुकसान."

"माझं जाऊ द्या, मॅडम. तिचा जीव तिथं आहे."

"मग मला पुरावा द्या."

पुरावा मागणं बरोबरच होतं. इंद्रजित खुर्चीत मागं टेकून बसला. प्रतिस्वराला जे ओळखताच येणार नाही असं काहीतरी ऋजुताकडून वदवून घ्यायला हवं होतं. तिचा स्वभाव, तिच्या आठवणी, तिचे विनोद, सगळं प्रतिस्वराला पाठ होतं. जे तिला स्वतःलाही आधी माहीत नसेल असं काय? हा प्रश्न त्यानं वर्गालाच टाकला, आणि मग ज्याला चर्चासत्र म्हणावं ते खऱ्या अर्थानं सुरू झालं. कुणी म्हणालं तिला कविता करायला सांगा, कुणी म्हणालं चित्र. सगळ्याला प्रतिस्वर थोडंफार पुरून उरला असता. चाळीस जण एकमेकांची वाक्यं तोडत बोलत होते, आणि त्यात अल्पनाचा आवाज वर आला.

"पत्ते. तिच्याकडं पत्त्यांचा कॅट आहे. कॅट पिसायचा आणि एकेक पत्ता वाचायचा."

इंद्रजितला तिला मिठी मारावीशी वाटली. पिसलेल्या पत्त्यांचा क्रम जगात कुणालाच आधी ओळखता येत नाही. तिथं स्वभाव चालत नाही, आठवण चालत नाही. बावन्न पत्त्यांतले एक-दोन योगायोगानं जुळतील, पण बाकीच्यांना लाल दुरुस्ती यायलाच हवी. राजाध्यक्ष मॅडमनी क्षणभर विचार केला. ती झोपली असेल तर, असं त्यांनी विचारून पाहिलं. इंद्रजित म्हणाला, तर तेही फरक म्हणून लालच येईल. ती चिडली, नाही म्हणाली, पत्ते हरवले म्हणाली, काहीही घडलं तरी लाल येईल. कोरी पट्टी फक्त एकाच कारणानं येऊ शकते. मॅडमनी होकार दिला.

"ऋजुता," इंद्रजित पडद्याकडे वळून म्हणाला, "कॅट पिस आणि सगळे पत्ते वाचून दाखव."

"आता हे काय नवीन खूळ रे होका?" प्रतिस्वर हसला. तेच हसू, तोच शेवटाला किंचित चिरकणारा आवाज. मग तो वाचू लागला. चौकट राणी. किल्वर सत्ती. इस्पिक गुलाम. बदाम दश्शी. मध्येच थांबून म्हणाला, की बघा, दोन एक्के पाठोपाठ आले. वर्गात कुणी हसलं नाही. तिथं पत्ते नव्हते, हात नव्हते, कुणीच नव्हतं, आणि ते कुणीच-नसलेलं मजेत पत्ते वाचत होतं. इंद्रजितला आपण बनवलेल्या वस्तूची त्या क्षणी भीती वाटली.

मग वाट पाहणं. एरवी हा वेळ जेवणाचा. आज पानावरून कुणी उठलं नाही, कारण पानावर कुणी बसलंच नव्हतं. सगळे आपापल्या चौकटीत तसेच. मुजावर सरांना मुलीनं औषध आणून दिलं तेही त्यांनी पडद्यावरून नजर न काढता घेतलं. कुणीतरी हळूच म्हणालं, की आयुष्यात कधी लाल शेऱ्याची इतकी वाट पाहिली नव्हती. अडीच तास संपत आले तसे राजाध्यक्ष मॅडम उठून पट्टीच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

पट्टी उघडली. चौकट राणी, तिच्याखाली कोरं. किल्वर सत्ती, कोरं. इस्पिक गुलाम, कोरं. बावन्नच्या बावन्न पत्ते बरोबर. तळाशी यंत्रानं नेहमीच्या हिरव्या अक्षरांत अभिनंदनासारखं लिहिलं: दुरुस्ती शून्य.

कुणी काही बोलायच्या आत राजाध्यक्ष मॅडमनी संमतीच्या कळीवर बोट ठेवलं होतं. चंद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

यानंतर पुन्हा अडीच तास, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट. संमती पोचायला सव्वा तास. पोचल्यावर यानातल्या माणसाची संमती लागणार. ती तिथं नसेल, आजारी असेल, काही झालं असेल, तर पृथ्वीची संमती नुसती लटकत राहणार. इंद्रजितनं हिशेब मांडून पाहिला: ऋजुताला कळ सापडायला, दाबायला, यान वळायला मिळून आणखी अर्धा तास तरी लागेल. अल्पनानं सगळ्यांना जबरदस्तीनं काहीतरी खायला लावलं. आपण उपाशी राहून शनीपाशी काय पोचणार आहे, असं ती म्हणाली, आणि स्वतः मात्र चहाचा कप तसाच थंड करून ठेवला.

उन्हं कलताना राखीव वाहिनीवर लहर आली. त्यानं मांडलेल्या हिशेबापेक्षा बरीच लवकर आली. यान वळायला लागला तेवढाच वेळ लागला होता. मग इंद्रजितच्या लक्षात आलं: ऋजुताची संमती आधीच दिलेली होती. तिनं ती कळ केव्हाच दाबून ठेवली होती आणि पृथ्वीनं दुसरी दाबावी म्हणून ती वाट पाहत बसली होती.

आणि पट्टी लाल झाली. एक ओळ, दहा ओळी, मग पडदा भरून वाहू लागला. तीन आठवड्यांचं तुंबलेलं सगळं एकदम आलं. तापमान लाल, दाब लाल, नाड्या लाल. शीतनिद्रेच्या कक्षातली एक झडप अडकली होती आणि कक्ष अंशाअंशानं तापत चालला होता. ऋजुता हातानं पाण्याच्या नळ्या फिरवून तो थंड ठेवत होती. झोपलेल्यांना उठवावं तर कुणाला आधी आणि कोणत्या औषधानं हे पृथ्वीवरच्या डॉक्टरांनाच ठरवता येत होतं, आणि चुकीचं उठवणं म्हणजे मारणंच. वर्गात लोक रडत होते, हसत होते, एकमेकांना गप्प करत होते. केंद्रातले डॉक्टर धावले. इंद्रजित पट्टीवरच्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. आयुष्यात त्याला यंत्राच्या चुका इतक्या सुंदर कधी दिसल्या नव्हत्या.

बुधवारपर्यंत झडप सुटली, दोघांना सुखरूप उठवलं, कक्ष पुन्हा गार झाला. परिषदेतलं मांडणं इंद्रजितनं स्वतःहून मागं घेतलं. राजाध्यक्ष मॅडम म्हणाल्या, त्याऐवजी हे मांडा की माणसाचा पत्ता दुरुस्तीतच लागतो. त्यानं ते लिहायला घेतलं.

पुढच्या रविवारी पहिली पंधरा मिनिटं ऋजुताची. या वेळी वर्गानं तिचं बोलणं राखीव वाहिनीवरून जसंच्या तसं मागवलं होतं, मध्ये प्रतिस्वर नको म्हणून. तिचा चेहरा आला. वाळली होती, केस कसेतरी बांधलेले, पण डोळ्यांत तीच जुनी बदमाशी.

"मी मुळीच घाबरले नव्हते, हे आधी सांगून टाकते," तिनं सुरुवात केली. "पहिल्याच रविवारी मला कळलं, की तुम्ही माझ्या बोलण्याला उत्तर देत नाही आहात. इथल्या तुमच्या प्रतिस्वरांना मी घसा फोडून सांगायचे की प्रक्षेपक मुका झालाय, कक्ष तापतोय. आणि इथला होका म्हणायचा, 'हो का?'"

वर्ग हसून लोळला. तिनं पुढं सगळं रंगवून सांगितलं. नळ्या फिरवताना हात भरून यायचे. जागं राहायला ती पाचही झोपलेल्यांना मोठ्यानं गाणी म्हणून दाखवायची, आणि एकाची नाडी लावणीला जरा जलद व्हायची. तिच्याकडं यायच्या त्या दुरुस्त्या मात्र धड येत होत्या. गेल्या रविवारी ती पाणी फिरवत असताना यानातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'यान गप्प झालंय.' प्रतिस्वरानं हे कधीच ओळखलं नव्हतं. होकाला हे कळेल असं चाळीस जणांच्या तीस वर्षांच्या बोलण्यात कुठंच नव्हतं. "ती ओळ वाचून मी खाली बसले," ती म्हणाली. "चला, आता माझी थाप पकडा."

सगळ्यांनी कान टवकारलेच होते. इंद्रजित सगळ्यांत आधी ओरडला, की लावणी. शीतनिद्रेत ऐकू येत नाही, नाडी कशी जलद होईल? बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला. सवयीनं कोपऱ्यात चालू राहिलेला ऋजुताचा प्रतिस्वर लगेच म्हणाला, "पकडलीस की रे होका." टाळ्या झाल्या. खरं उत्तर दुपारी येणार होतं. सगळे आनंदानं जेवायला गेले, आणि या वेळी पोटभर जेवले.

दुपारी पट्टी उघडली तेव्हा निम्मा वर्ग सुस्तावलेला होता. प्रतिस्वराचं वाक्य खोडलेलं होतं. त्याच्याखाली लाल अक्षरांत दोनच वाक्यं होती.

"नाही रे होका, नाडी खरंच जलद व्हायची. थाप माझ्या पहिल्याच वाक्यात होती."

इंद्रजितनं ते वाचलं आणि त्याला पहिलं वाक्य आठवलं. चाळीसही जणांना एकदमच आठवलं. आपण सकाळी ते वाक्य ऐकलं आणि किती सहज पुढं गेलो, या विचारानं इंद्रजितला रडू कोसळलं, आणि ते त्यानं कुणापासून लपवलं नाही.

मग अल्पना बोलू लागली, मग मुजावर सर, मग सगळेच. कुणी तिला सांगत होतं की आम्हीही घाबरलो होतो, कुणी नुसतं तिचं नाव घेत होतं, कुणाला धड बोलताच येत नव्हतं. असं हा वर्ग गेल्या तीस वर्षांत एकमेकांशी कधी बोलला नव्हता. यातलं एक वाक्यसुद्धा यानातल्या प्रतिस्वरांना आधी सुचणं शक्य नव्हतं. सव्वा तासानं ते सगळं तिच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटणार होतं.